लावरीच्या अंड्यांवर मीच बसले

माझं माहेर हरसूलकडलं, डोंगरातलं. घरी कोंबड्या लय, आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायचं काम माझ्याकडं, कारण आई म्हणायची, सखूच्या हाताला गुण हाय, तिनं बसवलेलं अंडं वाया जात नाय. टोपलीत भाताचा पेंढा, त्यावर अंडी, आणि खाली लोखंडाचा खिळा, म्हंजे आभाळ गडगडलं तरी अंडी नासत नाय, असं आमच्याकडं मानतात. खरं का खोटं देव जाणे, पण खिळा ठेवायचाच. मग चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढून एकवीस दिवस मोजायचे. लग्न होऊन नाशिकजवळ मळ्यात आले, तिथं झेंडू, भाजी, कोंबड्या, सगळं केलं. मालक गेले तवा पोरगा म्हणला, आई, एकटी मळ्यात राहू नको, म्हणून त्याच्या फ्लॅटवर आले, तिसऱ्या मजल्यावर. काय सांगू तुम्हाला, सून लय चांगली, ताट हातात देती, पण दिवसभर हाताला काम नाय. मला वाटायचं, माझे हात संपले आता.

तर माहेरी गेले होते, तिथं हरसूलच्या बाजारात एक बाई अंडी घेऊन बसलेली, एवढीएवढीशी, मोठ्या बोराएवढी, वर काळे चट्टे. म्हणलं, कशाची गं? म्हणली, लावरीची. अहो, लावरी म्हंजे लहानपणी नागलीच्या रानात पायाखालनं भुर्रकन उडायची ती, कधी नीट दिसली पण नाय! ती म्हणली, रानातली नाय मावशी, ही पाळलेली, बटेर म्हणतात, नर-मादी एकाच पिंजऱ्यात असतात, पण ही अंडं घालती अन् चालायला लागती, बसतच नाय. पाखरू, अन् अंड्यावर बसत नाय? मग पिल्लं कोण काढतं? म्हणली, मशीन. ते काय माझ्या डोक्यातनं जाईना. पंधरा अंडी घेतली.

पोरगा हसला, म्हणला, आई, खायची अंडी ती, त्यातनं काय निघणार. पण त्यानंच थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून दिला, पाण्याची वाटी ठेवली, गरमी बघायला छोटं मीटर आणलं. म्हणला, पण एकदाच हं, पिल्लं नाय निघाली तर हा पसारा परत मांडायचा नाय. मी हो म्हणलं. हाताचा गुण हाय का गेला, ते या पंधरा अंड्यांत कळणार होतं. खिळा ठेवलाच मी, कोणाला न सांगता.

अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारायची अन् दिवसातनं तीनदा फिरवायचं. सून मोबाईलचा उजेड लावून बघायची, पण चट्ट्यांमुळं आत जीव हाय का पाणी, काय बी कळेना. बाराव्या दिवशी दुपारी लाईट गेली. मी अंडी फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधली, वरनं पदर घेतला, अन् खुर्चीत बसले. नेमकी तवाच विहीणबाई आली. म्हणली, ताई, उठत का नाय, रुसलात का माझ्यावर? सून म्हणली, अगं आई, त्या अंड्यांवर बसल्यात. विहीणबाईच्या डोळ्यात हसून हसून पाणी. अडीच तास बसले मी, चहा पण तसाच घेतला.

कॅलेंडरवर मी रेघा ओढत होते, एकवीसपर्यंत. सतराव्या दिवशी सकाळी फिरवायला अंडं उचललं तर बोटाला आतनं टकटक. कानाशी नेलं, टिक, टिक. मी ओरडले, सून धावत आली, मोबाईलवर बघून म्हणली, अहो, लावरीचे एकवीस नसतात, सतरा-अठराच, अन् शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायचीच नसतात! मी तर फिरवतच होते. अंडं खाली ठेवलं, झाकण लावलं, अन् हात पदरात गुंडाळून बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच निघाली. दहा नाय निघाली, त्यातली काही माझ्याच हातानं गेली असतील, ते मला अजून लागतं. पण पाच! भुंग्याएवढी, पाठीवर पट्टे, अन् सुकली की लगेच पळायला लागली. पाण्याच्या झाकणात खडे टाकले, नायतर तेवढ्या पाण्यात बी बुडतात. पोरगा खोक्याशी उकिडवा बसून बघतच राहिला, म्हणला, आई, खायच्या अंड्यांतनं? मी म्हणलं, हो रे बाबा.

आता गॅलरीत पिंजरा हाय. दोन महिन्यांत त्यांनीच अंडी घातली. मी पेंढा ठेवला, टोपली ठेवली, वर गोणपाट टाकून अंधार केला, पण एक बी बसत नाय. अंड्यावर पाय देऊन दाण्याकडं पळती. रानातली बसतच असेल की, मग ही कशी विसरली? मशीननं काढत गेले म्हणून? लय विचार करते मी, पण राग नाय येत. त्यांना बसायचं आठवत नाय, मला आठवतं, म्हणून त्यांची अंडी खोक्यात घालून मीच बसते. अन् पसारा नको म्हणणारा पोरगा आता कामावरनं फोन करतो, आई, अंडी फिरवली का?

आज परत सतरावा दिवस हाय, फिरवणं मी तीन दिवसांमागंच बंद केलंय. या, खोक्याला कान लावा, हात नका लावू. नाय ऐकू येत? मग बसा जरा माझ्याजवळ. देव करो अन् तुमच्यासमोरच एखादं फुटो.