सायीच्या रंगाचं हाड

आजोबा: पाठीमागे काय लपवतेस, डेला?

डेला: काही नाही. टर्कीच्या पंखाची हाडंच आहेत. पांढरी झाली, आजोबा. एकदम पांढरी.

आजोबा: बघू. अरे वा, आजीच्या चर्चच्या हातमोज्यांसारखी. काल तर मक्याच्या पावासारखी पिवळी होती. कशात घातलीस?

डेला: तुम्ही सांगितलंत त्यातच.

आजोबा: मी जखम धुवायचं पेरॉक्साइड सांगितलं होतं. तुझ्या हातांना तर धुतलेल्या चादरींचा वास येतोय.

डेला: थोडंसं कपड्यांचं ब्लीच होतं.

आजोबा: थोडंसं म्हणजे?

डेला: हाडं बुडतील एवढं.

आजोबा: बरं. ते बारीक हाड घे, नळीचं तोंडात धरायचं ते. आता दोन बोटांनी हलकेच दाब.

डेला: नको.

आजोबा: दाब गं. मी रागावत नाही.

डेला: तुटलं. खडूसारखं तुटलं, आजोबा.

आजोबा: ब्लीच हाडाला नुसतं धूत नाही, खातं. मग ते दिसायला हाड राहतं, एवढंच.

डेला: आणि शनिवारी शिकार सुरू होतेय. टर्कीला हाक घालायची नळी ज्याने त्याने स्वतः करायची, नाहीतर डोंगरावर यायचं नाही, असं तुम्हीच म्हणता. कोल्बीदादालासुद्धा एक वर्ष घरी बसवलं होतंत.

आजोबा: बसवलं होतं खरं. तरी एवढी घाई कसली झाली होती तुला?

डेला: दादाची नळी पांढरीशुभ्र आहे. माझी हाडं बघून म्हणाला, आजोबांचे दात उपटून आणलेस का.

आजोबा: त्याला म्हणावं, आजोबांचे दात दुकानातले आहेत. त्याच्या नळीपेक्षा पांढरे.

डेला: हसू नका ना. आता मी घरीच राहणार.

आजोबा: बरं, नाही हसत. एक सांग, टर्कीला पंख किती?

डेला: दोन. पण दुसऱ्याचं सूप झालं. आजीनेच सांगितलं.

आजोबा: मॅक्सीन, जरा बाहेर ये गं. दुसऱ्या पंखाचं काय झालं ते सांग हिला.

आजी: फ्रीजरमध्ये आहे, मटारच्या पिशवीमागे. रविवारी चर्चला जाणारी बाई मी, आणि या माणसाने माझ्याकडून खोटं वदवून घेतलं.

डेला: म्हणजे मी बिघडवणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं?

आजोबा: छे. एकच पंख आहे असं वाटलं की माणूस जपून काम करतो, एवढंच. तू निघालीस निराळी.

आजी: आणि माझ्या चांगल्या पातेल्यात उकळायचं नाही. अख्ख्या टेनेसीत माझ्याच सूपाला साबणाचा वास येतो.

आजोबा: ते पोचे पडलेलं पातेलं घे. मंद आच, साबणाचा थेंब, खळखळ उकळू द्यायचं नाही. मांस सुटलं की तारेने आतली सगळी चरबी काढायची. ती राहिली तर हाड पुन्हा पिवळं पडतं. मग पेरॉक्साइड.

डेला: त्यात किती वेळ ठेवायचं?

आजोबा: ते घड्याळाला विचारू नकोस. हाडाला विचार.

(शुक्रवारची संध्याकाळ. मागच्या पायरीवर.)

डेला: अजून ठेवलं असतं तर आणखी पांढरं झालं असतं.

आजोबा: मग काढलंस का?

डेला: सायीसारखं झालं होतं. दुधासारखं नाही, पण तेवढ्यावर थांबावंसं वाटलं.

आजोबा: हं. आणि हाडांचे जोड?

डेला: मेणाने बसवले. वरून आजीचा दोरा.

आजी: न विचारता घेतलेला दोरा.

आजोबा: वाजव बघू. फुंकायचं नाही हं.

डेला: माहितेय. पापा घेतल्यासारखी हवा आत ओढायची. ऐका.

आजोबा: ही घसा बसलेली मादी झाली. ओठ सैल सोड.

डेला: आता?

आजोबा: आता लाजली. आणखी एकदा, आणि घाई नको.

डेला: आजोबा. ओढ्यापलीकडे. ऐकलंत?

आजोबा: ऐकलं.

डेला: नर होता. माझ्या हाडाला ओ दिली त्याने. पुन्हा वाजवू?

आजोबा: नको. एवढं ऐकून त्याला झोपू दे. कुठे झोपतो ते कळलं आपल्याला.

डेला: कोल्बीदादाला सांगू?

आजी: सांग. रंगही सांग.

आजोबा: आणि नळी खिशात ठेव. पहाटे अंधारातच निघावं लागेल.

डेला: म्हणजे तुम्ही मला नेणार?

आजोबा: नळी तुझी आहे, डेला. तू मला नेतेस का, ते विचारतोय मी.