छत्रीला घातलेला हार

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न एवढाच — माणसाला गर्व कधी होतो? काम बिघडल्यावर? छे! तेव्हा तो बायकोवर ओरडतो! गर्व होतो काम जमल्यावर! नाही पटत? चला तर गुहागरला, अनंतराव बापटांच्या गच्चीवर!

अनंतराव तालुका कचेरीतून निवृत्त. पत्नी इंदुमतीबाई. बाईंनी टीव्हीवर वालाचं बिरडं करून दाखवलेलं, आणि कार्यक्रम लागणार त्या दिवशी चारला! पण गच्चीवरची टीव्हीची जुनी छत्री, ती डिश हो, वाऱ्यानं उडालेली. नवी खोक्यातून आली. खोक्यावर छापलेलं — स्वतः बसवा, नाहीतर आमचा माणूस बोलवा.

"अहो, माणूस येतोय ना दुपारी? जन्मात एकदा दिसणारेय मी!"

"माणूस कशाला? मी आहे ना!" लावला फोन, माणूस रद्द!

आणि मंडळी, जमलं की हो! छत्री वळवली, नट आवळला, खालून बाई ओरडल्या — "आलं हो! अगदी लख्ख!"

इथे थांबायचं! पण थांबतोय कोण? आपल्याकडे स्कूटर आली — पूजा! मिक्सर आला — पूजा! अनंतरावांनी छत्रीला कुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि झेंडूचा ओलाचिंब, मनगटाएवढा जाड हार घातला. कुठे? छत्रीपुढे दांड्यावर डोळा असतो ना, सगळं टिपणारा? त्याच्या गळ्यात! डोळ्याला गळा असतो? अनंतरावांनी शोधला!

"अहो, गेलं!"

"तू टीव्हीला हात लावलास का गं?" — बघा! मघाशी काय सांगितलं मी?

मग छत्री फिरली. समुद्राकडे, डोंगराकडे, शेजारच्या परांजप्यांच्या न्हाणीकडे! नट निसटला, टुणटुण उड्या मारत थेट विहिरीत! कंपनीला फोन — "काका, तुम्हीच नको म्हणालात. आता उद्या."

चार वाजत आलेले. खाली आळीतल्या बायका जमलेल्या. इंदुमतीबाई जिना चढून आल्या — स्वतःला बघायला नवी साडी नेसलेल्या हो! डोळे भरलेले. हाराकडे पाहिलं.

"आधी हा काढा."

"अगं, पूजेचा हार लगेच —"

"काढा!"

काढला! पण नट कुठाय? विहिरीत! "धरून उभे राहा," बाई म्हणाल्या आणि खाली गेल्या. "थोडं समुद्राकडे... अजून... आलं! आता हलू नका!"

अर्धा तास! भर उन्हात, छत्री कवटाळून, नाकावर माशी! खाली टीव्हीत बाईंना विचारलं, "बिरडं कुणाला आवडतं?" बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण ताट मात्र पुसून खातात." टाळ्या! सगळ्या आळीनं ऐकलं. कुणी नाही ऐकलं?

वरून आवाज, "काय गं? काय म्हणालीस?"

"हलू नका!"

कार्यक्रम संपला. बाई बिरड्याची वाटी घेऊन वर आल्या. अनंतरावांनी घास घेतला. खाली बघत म्हणाले, "छान झालंय." संसारात पहिल्यांदा! बाईंनी पदरानं त्यांच्या कपाळाचा घाम तेवढा टिपला.

तेव्हा मंडळी, स्वतः बसवायचं की माणूस बोलवायचा? जमत असेल तर खुशाल बसवा! पण जमल्यावर हार कुठे घालताय ते बघा. आपल्याही डोळ्यांवर एखादा असेल. कसा कळणार? घरी विचारा — घरच्यांना केव्हाचा दिसतोय!

आणि मला घालायला हार आणलाय ना? आणा, आणा. जरा बारीकच आणा — मला अजून आरती दिसायचीय!