रंगवलेला मासा

भीमराज : न बघता लिहिलं साहेबानं. डोळे आहेत, वर चष्मा आहे, घराचा पत्ता दिला होता. तरी न बघता लिहिलं की हा पेंट शॉपमधला माणूस, यानं मासा रंगवलाय.

(गुरुवार, कंपनीच्या सुट्टीचा दिवस. कामगारांच्या छंद-प्रदर्शनाचा हॉल अजून उघडायचा आहे. दारात हातगाडी, तिच्यावर काचेची टाकी. भीमराज, त्याची बायको कस्तुरा आणि कँटीनला दूध घालणारा मारुतराव.)

मारुतराव : वाच बरं परत. सकाळपासनं हसू आवरंना मला.

भीमराज : "अर्ज नामंजूर. समुद्री मासा घाटावर जगत नाही. सदर मासा गोड्या पाण्यातील असून रंगविलेला दिसतो." दिसतो म्हणे. केबिनमधून काळेवाडीतलं माझं घर दिसतं याला.

मारुतराव : आन् रंगवलाच आसता तर पयलं बक्षीस द्याला पायजे व्हतं. बोटभर मासा, त्याच्यावर पाच काळे पट्टे, आन् त्यो बी जित्ता. स्कूटरवर तर तुझे पट्टे वाकडे जात्यात.

भीमराज : एक वाकडा पट्टा दाखवा, महिन्याचा पगार तुमचा.

कस्तुरा : अहो, गाडीवर रेलू नका. पाणी हिंदकळतंय, घाबरून कोपऱ्यात गेलेत ते. थांबा... आले. तिघंही आले. तो पुढचा बघा, काचेला नाक लावून साहेबाची वाट बघतोय.

मारुतराव : पर वैनी, वायर न्हाई, पंप न्हाई, आन् बुडबुडं कुठनं येत्यात?

कस्तुरा : या ट्रकच्या ट्यूबमधनं. पंक्चरवाल्याकडून टम्म भरून आणायची, नळीला चिमटा लावायचा, की दिवसभर थोडी थोडी हवा सुटते. लाइट गेली तरी यांना पत्ता नाही.

भीमराज : ऑफिसर क्लबात मुंबईहून आयती टाकी आणली होती, विलायती पंपाची. लाइट गेली, पंप बसला, आठ दिवसांत मासे उलटे. तेव्हापासून साहेब सांगतो, घाटावर जगत नाही. त्याच्याकडून जगला नाही, म्हणजे कुणाकडूनच जगायचा नाही. आपली काच फुटक्या पार्टिशनची, अँगल भंगारातला, तोही गेटपास काढून आणलेला. विकत काय घेतलं, तर काच बसवायची डबाभर लांबी.

मारुतराव : आन् क्यान माझा. त्याचं नाव कोन घेनार? माझी बायकू शालन आजून बोलत न्हाई माझ्याशी. दुधाच्या क्यानात मासं घातलं म्हनती.

भीमराज : तुमच्या क्याननंच वाचवलं, मारुतराव. पहिल्या खेपेला थिनरचा ड्रम घासून घासून पाठवला होता श्रीवर्धनला, हिच्या भावाच्या ट्रकमधून. त्यानंच, ज्योतीरामनं, ओहोटीला खडकातल्या डबक्यात उतरून चार मासे धरले. इथं पोचले ते मेलेलेच. मी ड्रम हुंगला होता, वास नव्हता. दहा वर्षं थिनरमध्ये राहिलेल्या नाकाला कसला वास येतोय.

कस्तुरा : मला दारातच आला. पण माझं ऐकतंय कोण.

मारुतराव : दुसऱ्या खेपंला क्यान दिला खरा. पर क्यान परत आला, सकाळी बघतो तर तळाला दोन शेर पानी. मला वाटलं, वैनीनं क्यान धुतला आन् पानी तसंच ठिवलं. म्हनलं आयतंच मिळालं, आज नळाचं घालाया नको. वरनं दूध वतलं.

कस्तुरा : म्हणजे रोज घालता.

मारुतराव : म्हसच पातळ देती, वैनी. तर गेटवर ह्याच साहेबानं दुधात लॅक्टोमीटर सोडला. रोज बावीसवर बसून मला शिव्या देनारा काटा, त्या दिशी सत्तावीस. साहेबानं पाठ थोपटली माझी. म्हनला, असं दूध आणत जा.

भीमराज : आणि पहिल्या शिफ्टनं सगळा चहा मोरीत ओतला. आधी कुणी चाखलं नाही. आकडा बघितला, झालं.

मारुतराव : माझ्याजवळचा लॅक्टोमीटर तवापासनं तुज्याच घरात. मी आपला देवावर भरवसा ठिवून दूध घालतोय.

कस्तुरा : दुधाला नाही तर समुद्राला तरी उपयोग झाला. पंचवीसवर राहिला की मासे खुशीत. मध्ये हे बत्तीसवर घेऊन गेले होते. पाणी उतरलं की वरून खारंच ओतायचे. मासे तळाला जाऊन बसले. मी म्हटलं, मिठागर बघितलंय का कधी? ऊन पाणी उचलतं, मीठ मागं ठेवतं. आता रोज या वाटीनं मी गोडं पाणी घालते. खायला भिजवलेला जवळा. एकोणचाळीस दिवस झाले.

भीमराज : मला टेबल नको, बक्षीस नको. रंगवला म्हणून लिहिलंय ना, ते त्याच्याच हातानं खोडून पाहिजे. उद्या शॉपमध्ये पोरं मला लबाड म्हणतील, कागदावर सही साहेबाची आहे.

मारुतराव : मी बोलतो. ह्यो हॉल माझ्या ज्वारीच्या वावरात हुबा हाय, येवढं तरी ऐकंल. रोज माझ्या दुधाचा च्या पितो त्यो.

भीमराज : तुमच्या दुधाचा पितो. पेंट शॉपला आला की घरचा थर्मास घेऊन येतो. तिथला माठ मी भरतो. चार वर्षांत त्याचा हात त्या माठाकडं गेला नाही.

मारुतराव : पोट नाजूक आसंल.

कस्तुरा : असेल. आले बघा.

साहेब : हे काय आणलंय? माझी चिठ्ठी मिळाली नाही?

भीमराज : मिळाली साहेब. म्हणून तर मासा घेऊन आलो. बघा, पट्टा कुठं उतरलाय पाण्यात?

साहेब : अरे... फिरतायत की. पिवळी पाठ, खाली चंदेरी. सुंदरच आहे हो हा.

कस्तुरा : तिकडचेही बघा. तिघं आहेत.

साहेब : हं. पण समुद्राचं पाणी म्हणता, ते कशावरून?

भीमराज : लॅक्टोमीटर सोडा. तुमचा विश्वास आहे त्याच्यावर.

साहेब : द्या. पंचवीस. बरोबर आहे. पण नळाच्या पाण्यात मीठ कालवलं तरी पंचवीस येईल.

मारुतराव : येतं साहेब. आकडा काय, कशानं बी येतो. माझ्या दुधाला तुमी सत्तावीस म्हनून पाठ थोपटली, त्यात दोन शेर ह्योच समुद्र व्हता.

साहेब : मारुतराव, तुमचं मी उद्या बघतो.

मारुतराव : बघा. आज ह्याचं बघा.

भीमराज : आकडा राहू द्या साहेब. मिठाचं पाणी नुसतं खारट लागतं. समुद्राचं आधी खारट, मागून कडू. ते कालवून येत नाही. हिनं टाकीतनं वाटी भरलीय, एक घोट तोंडात घ्या, थुंकून टाका. कडू नाही लागलं तर गाडी वळवतो.

साहेब : मी? नको, नको. मी असलं काही तोंडाला लावत नाही. तुम्ही असं करा, आत घ्या टाकी. खिडकीजवळचं टेबल घ्या. चांगलं आहे ते.

भीमराज : घटकेपूर्वी टेबल नव्हतं साहेब. आता खिडकीजवळचं निघालं. एकदा न बघता लिहिलंत, आता न चाखता खोडू नका.

साहेब : अहो बाई, तुम्ही तरी समजवा यांना.

कस्तुरा : मी काय समजवू. पाणी समुद्राचं आहे, साहेब, आमच्या माठातलं नाही. वाटी राखेनं घासून आणलीय. धरून धरून हात अवघडलाय माझा. घेताय की नाही, तेवढं सांगा.