तिसऱ्या रांगेतले डोळे

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मानसोपचाराच्या बाई, आणि कुठे ना कुठे दुखत असूनही वेळेवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बाईंचं कौतुक करायला मला उभं केलंय. करते. पण आधी जरा भांडते, चालेल ना?

आमच्या ह्यांना आजाराची भीती. ते तिसऱ्या रांगेत बसलेत ना, तेच. छातीत जळजळलं की हृदय, डोकं दुखलं की गाठ. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी घरात एकच, "अगं, माझे डोळे पिवळे दिसतात का?" मी म्हणायचे, "नाही हो, काही झालेलं नाही." तासाभराने पुन्हा तेच. सासूबाई म्हणायच्या, स्वभावाला औषध नाही. मी तर हात टेकले होते.

मग बाई भेटल्या. ह्यांना शिकवलं, भीती आली तर येऊ द्या, तिच्यामागे डॉक्टरकडे धावू नका. ते ठीक. पण नियम मलाही! "धीर देऊ नका. खाजवलं की बरं वाटतं, पण खाज वाढते. विचारलं तर म्हणा, मला माहीत नाही." अहो बाई, नवऱ्याच्या रडवेल्या तोंडावर असं म्हणायचं? सांगायला तुमचं काय जातं! ह्यांनी माझ्याशी अबोला धरला. मी तुमच्यावर किती चरफडले! आणि आता कुठे गाडं रुळावर येतंय, तर तुम्ही निघालात. असं अर्ध्यावर सोडतात का हो कुणाला?

आमची लेक घाटापलीकडे असते. वाटेत मोठं हॉस्पिटल नाही, म्हणून हे कधी गेलेच नाहीत. नातू रांगायला लागला, ह्यांनी त्याला फोनवरच पाहिलाय. आज मात्र हो म्हणालेत. बाहेर गाडी उभी आहे, खुर्चीखालच्या पिशवीत खुळखुळा आहे. सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय.

अगंबाई! पापणी ओढून मला डोळा दाखवताहेत. भर सभेत!

काय करू, बाई? "चांगले पांढरे आहेत हो" अगदी ओठांवर आलंय. एवढं म्हटलं की शांत होतील, आणि मग घाटात पुन्हा विचारतील, नाहीतर घरीच परततील.

अहो, ऐकताय ना? मला माहीत नाही. गाडी मात्र खोळंबलीय.

असो. बाई, तुमचे आभार कसे मानू, तेही मला कळत नाही. रागाच्या भरात कमी-जास्त बोलले असेन तर सगळ्यांनी पोटात घाला. अध्यक्ष महोदय, बाईंना हार तुम्हीच घाला.

खुळखुळा वाजला, ऐकलात? उठलेत ते. मी निघते.