पाटीवर पाऊण तास

…नाही हो, त्या करमणुकीच्या बागेतल्या पाळण्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, पाळणे उत्तम आहेत, लोखंड मजबूत, रंग ताजा, माझी तक्रार आहे ती पाटीबद्दल. तुम्हाला सांगतो, रांगेच्या तोंडाशी एक पाटी लावलीय, तिच्यावर एक हसरा उंट काढलाय आणि खाली लिहिलंय, 'इथून पाऊण तास'. आता उंट इतका हसून सांगतोय म्हटल्यावर माणूस विश्वास ठेवणारच ना? मी ठेवला. तासभर उभा राहिलो, एका वळणावर आलो, बघतो तर तोच उंट, तेच हसू, आणि पाटीवर? पाऊण तास.

ईदचा दुसरा दिवस होता. अख्खं कैरो घराबाहेर पडलेलं, आणि त्यातलं अर्धं माझ्या पुढे उभं. हे का? तर माझी नात हनीन. सबंध रमजान या मुलीनं एकच धोशा लावला होता, आजोबा, ईदला मोठ्या गाडीत बसायचं. ही मोठी गाडी म्हणजे काय, तर आकाशात रूळ वेडेवाकडे वळवून ठेवलेत, त्यावरून गाडी चढते, उलटी होते, माणसं वरून किंचाळतात आणि खाली आल्यावर म्हणतात, मजा आली. मी म्हटलं, बाळा, किंचाळायला इतक्या लांब वाळवंटात कशाला जायचं, आपल्या शुब्रा मोहल्ल्यात जिन्यावर उभी राहून किंचाळ, फुकट आहे. पण माझी बायको नजवा म्हणाली, अहो, वर्षातून एकदा तर मागते. झालं. निघालो.

आणि ही रांग कशी, तर सरळ नाही. सरळ असती तर शेवटचा माणूस शुब्रातच उभा राहिला असता. म्हणून त्यांनी ती पडद्याच्या चुण्यांसारखी दुमडून ठेवलेली, मधे लोखंडी कठडे. तुम्ही या पट्टीतून पुढे जाता तेव्हा शेजारच्या पट्टीतून मागची माणसं उलट्या दिशेनं येतात. म्हणजे तीच तीच तोंडं प्रत्येक वळणाला पुन्हा समोर. पहिल्यांदा तुम्ही बघत नाही, दुसऱ्यांदा ओळखीचं हसता, तिसऱ्यांदा त्यांच्या घरात कुणाचं काय दुखतं तेही तुम्हाला कळलेलं असतं. माझ्या पुढे एक हाजीबाई होत्या, जाडजूड, हातात पुठ्ठ्याचा पंखा, बसायला घडीचं स्टूल. रांग हलली की स्टूल उचलायचं, पुढे ठेवायचं, बसायचं, आणि बसल्या जागेवरून सगळ्या रांगेची चौकशी करायची.

तर पहिलं वळण घेतलं, मान वर केली, आणि कठड्यापलीकडे, हातभर अंतरावर, कोण? माझा भाऊ. बहगत. माझा सख्खा थोरला भाऊ, ज्याच्याशी मी सहा वर्षं बोललेलो नाही.

का बोललो नाही, विचारा ना. त्याच्या मुलीचं लग्न. मी नवरीचा सख्खा काका. मला कुठे बसवलं? खांबाच्या मागे. तुम्हाला सांगतो, एवढा जाड खांब, मला ना नवरी दिसली ना नवरा, दिसलं फक्त स्वयंपाकघराचं दार आणि त्यातून ये-जा करणारे वाढपी. नवरदेवाचा कुठला तरी लांबचा मामा, त्याला पुढचं टेबल. मी उठलो, जेवणाआधी उठलो, नजवाला घेऊन घरी आलो. त्यानं फोन केला नाही. मी कशाला करू? सहा वर्षं.

आता समोरासमोर आलो. माझं चष्म्याचं दुकान, सगळ्या शुब्राला माहीत, त्यामुळे मला दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी काय केलं, चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो आभाळाकडे बघायला लागला. आभाळात काय होतं? काहीही नव्हतं. आणि तेवढ्यात माझी नजवा, माझी स्वतःची बायको, कठड्यावरून वाकून त्याच्या बायकोला म्हणते, "ईद सुखाची जावो गं तहानी, आता गुडघा कसा आहे?"

आता? आता म्हणजे काय? गुडघ्याला काही झालं होतं हे हिला कुणी सांगितलं? रांग पुढे सरकली, आणि त्या पट्टीभर मी नजवाची उलटतपासणी घेतली. तर कळलं काय, या दोघी जणी दर गुरुवारी, मी दुकानात गेलो की, फोनवर बोलतात. सहा वर्षं. म्हणजे भांडण आम्ही दोघांनीच सांभाळलेलं, बायका केव्हाच त्यातून बाहेर. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

दुसरं वळण. पुन्हा उंट. पाऊण तास. आणि पुन्हा बहगत समोर. या वेळी मला दिसलं की त्याचं बोट धरून एक मुलगी आहे, पिवळा झगा, ईदचा नवाकोरा, तोंड कहकच्या, म्हणजे ईदच्या बिस्किटांच्या, पिठीसाखरेनं माखलेलं. ती माझ्याकडे बघतेय, बघतेय, आणि मोठ्यांदा म्हणते, "आजोबा, हे तर आपल्या भिंतीवरचे."

बहगतनं तिचा हात ओढला. पण मुलं थांबतात थोडीच? "तेच हो, तुमच्या शेजारी बसलेत ते, नदीवरच्या फोटोतले." आता नदीवरचा फोटो मला माहीत आहे. आम्ही दोघं होडीत, त्या लग्नाच्या आदल्याच वर्षीचा. तो यानं भिंतीवर लावलाय? अजून? मी चष्मा काढला, पण या वेळी तो खरोखरच पुसायची गरज होती. आणि मागून तहानीनं हाक मारली, "अझीझा, गप्प बस."

अझीझा आमच्या आईचं नाव. ती त्याची नात, त्या लग्नानंतरची, मला ठाऊकच नव्हती, आणि तिचं नाव यानं आईचं ठेवलेलं. रांग सरकली, मी सरकलो.

तिसऱ्या वळणाला ऊन टाळूवर आलं होतं, पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या, आणि पाटीवर पाऊण तास. तेवढ्यात मागून एक आडदांड गृहस्थ, काळा चष्मा, सोन्याचं घड्याळ, कठड्यांखालून वाकत वाकत पुढे येतोय, "सोडा, सोडा, माझी माणसं पुढे आहेत." लोक कुरकुरत बाजूला होतात. होतात हो, प्रत्येकाला वाटतं शेजारचा बोलेल. पण आमचा दादा, हाच बहगत, त्याची हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेली, रांग मोडलेली त्याला जन्मात कधी सहन झाली नाही. तो आडवा उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, तुमची माणसं पुढे असतील तर त्यांना मागे बोलवा. त्या माणसानं दादाच्या छातीवर हात ठेवला आणि ढकललं. दादा कठड्यावर आदळला. सत्तरीला आलेला माणूस.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "हात काढ. माझा भाऊ आहे तो."

ओरडलो नाही मी. पण आवाज असा काही निघाला की तो माणूस थांबला, माझ्या मागे बघितलं, तर हाजीबाई स्टुलावरून उठून उभ्या, पंखा तलवारीसारखा धरलेला, आणि त्यांच्या मागे रांगेतले सगळे. तो पुटपुटत मागे फिरला. सगळी रांग आमच्याकडे बघतेय. हाजीबाईंनी मला विचारलं, "भाऊ? सख्खा?" मी म्हटलं, हो. "मग सकाळपासून तीन वेळा समोरासमोर आलात, सलामसुद्धा नाही?"

नजवानं सगळं सांगून टाकलं. खांब, लग्न, सहा वर्षं. रांगेत दुसरं काम कुणाला होतं? पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी आणखी मागच्यांना. एक जण म्हणाला, म्हाताऱ्याला पुढे घ्या, भावाशेजारी. लगेच दुसरा म्हणाला, वा, आत्ताच त्या माणसाला हाकललं, भाऊ झाला म्हणून काय रांग मोडायची? आणि सगळ्यात आधी खुद्द दादाच म्हणाला, मी येणार नाही, नियम म्हणजे नियम. असा माणूस आहे हा. मग हाजीबाईंनी निकाल दिला, "पुढे यायला बंदी आहे. मागे जायला कुठे बंदी आहे?" आणि माझ्याकडे बघितलं.

तुम्ही विचार करा. अडीच तास उभा होतो मी. दरवाजा दिसत होता. गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. हनीननं माझा हात घट्ट धरून ठेवलेला. मी नजवाकडे बघितलं. ती म्हणाली, "जा तुम्ही, मी बसवते हिला." मग मी वाकलो, कंबर धरली, आणि कठड्याखालून पलीकडे गेलो. जन्मात पहिल्यांदा असं झालं की मी रांगेत घुसलो आणि लोकांनी आनंदानं जागा दिली. मागे जाणाऱ्याला सगळे वाट देतात.

दादाशेजारी उभा राहिलो. तो समोर बघतोय, मी समोर बघतोय. रांग सरकली. पुन्हा सरकली. मग तो समोरच बघत म्हणाला, "जेवण गरम लागतं ना तुला."

मी म्हटलं, काय?

"लहानपणापासून. गार झालं की ताट सारायचास. आईला दोनदा तापवावं लागायचं. तिथं तीनशे माणसं. स्वयंपाकघराच्या दाराशी जे टेबल, तिथं पहिलं ताट जाणार. म्हणून तुला तिथं बसवलं."

तुम्हाला सांगतो, मी खांब बघितला, दार बघितलं, वाढपी बघितले, पण जेवण यायच्या आधीच उठलो. मग मी विचारलं, हे सहा वर्षांत सांगता आलं नाही? म्हणाला, "तू न जेवता गेलास. मी काय सांगणार होतो?" मग मी म्हटलं, दादा, काय होतं जेवायला? म्हणाला, "भात भरून भाजलेली कबुतरं." मला कबुतरं किती आवडतात ते नजवाला विचारा. बरं, न विचारलेलंच बरं.

मग जे बोलणं सुरू झालं ते काही थांबेना. कोण गेलं, कोणाचं काय झालं, आईच्या कबरीवरचं झाड वाळलं ते यानं पुन्हा लावलं, माझा धाकटा दुबईला गेला, याच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय आणि चष्मा करायला हा दुसऱ्याच दुकानात जातो. दुसऱ्या दुकानात! ते ऐकून मी पुन्हा भांडणार होतो, पण रांग सरकली. वर पाटी होती, पाऊण तासाची, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, असू दे.

शेवटी दरवाज्याशी पोहोचलो. तिथल्या माणसानं अझीझाला खांबाशी उभं केलं, वर एक रेघ. ती रेघेपेक्षा चार बोटं बुटकी. बसता येणार नाही. ती रडली नाही, नुसते ओठ आत ओढून घेतले, आमची आई राग आला की घ्यायची तसे. दादानं माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. आम्ही दोघंही तिला घेऊन बाजूच्या दारानं बाहेर पडलो. तहानी मात्र म्हणाली, "मी गुडघ्यासकट एवढा वेळ उभी राहिले, मी बसणार." आणि बसली. आम्ही तिघं खाली उभे राहून तुरमुसचे खारवलेले दाणे खात होतो, सालं अझीझाच्या मुठीत देत होतो, आणि वरून तहानी अशी किंचाळत गेली की उंटसुद्धा दचकला असेल. खाली आली आणि म्हणाली, मजा आली. हनीन नजवाबरोबर केव्हाच बसून आली होती, तीही तेच म्हणाली. तेव्हा लोक मला विचारतात, शौकी, कशी आहे ती गाडी? मला काय माहीत? मी बसलोच नाही.

आणि आता काय झालंय, ऐका. दादाचा फोन येतो. पण कधी? कुठे रांग असेल तेव्हा. ओळखपत्र नवं करायचंय, शौकी, येतोस का, गर्दी आहे. डोळ्याच्या दवाखान्यात जायचंय, नंबर लांबचा आहे, चल. परवा मी म्हटलं, दादा, एकदा नुसता चहाला घरी ये की. तर म्हणाला, "घरी? घरी बसून काय बोलायचं?" आणि खरं सांगू, मागच्या शुक्रवारी आम्ही घरी बसून बघितलं, दोघंही गप्प, चहा गार झाला. तेव्हा उद्या सकाळी टेलिफोन कचेरीत जायचंय. तुमचंही कुणाचं काही काम असलं तर आत्ताच सांगा, आम्ही दोघं तिथं उभेच आहोत.