आत उतरणारी खिडकी

आत्या : छिन्नी खाली ठेव आधी.

भाचा : आत्या, चार वाजता साहेब येणारेत. खिडकीचा कट्टा सपाट झालेला दिसला पाहिजे त्यांना.

आत्या : नाही दिसणार.

भाचा : तू घोटाईवाली. तू भिंत घोट, खिडकीचं मी बघतो.

आत्या : भिंतही नाही घोटत. इकडे ये. हा काळा पट्टा बघ, खांद्याच्या उंचीचा. हात लाव.

भाचा : तेलकट लागतंय.

आत्या : डोक्याचं तेल, पाठीचा घाम. किती वर्षं बायका इथे उभ्यानं टेकल्या असतील. पलीकडे जेवणं चालायची, हाक आली की धावायचं. यावर मी चुना चढवला की संपलं. इथे कुणी नव्हतंच.

भाचा : बरं बाई, पट्टा राहू दे. पण कट्टा उघड चुकलाय ना! खिडकीला उतार द्यायचा तो बाहेर, पावसाचं पाणी जायला. हा आत उतरलाय. कुणी तरी गवंडी पिऊन आला असेल कामावर.

आत्या : तुझे आजोबा.

भाचा : काय?

आत्या : प्यायचे नाहीत ते.

भाचा : हे घर आजोबांनी...?

आत्या : बांधलं नाही. डागडुजीला असायचे. मोठ्या वकिलांचं घर. आणि आई, तुझी आजी, या खोलीत भांड्यांना. तेव्हा कट्टा सपाट होता. तिला सातवा महिना. एक दिवस पाहुण्यांची जेवणं लांबली, ही टेकली कट्ट्यावर. वकिलीणबाईंनी पाहिलं.

भाचा : ओरडल्या?

आत्या : ओरडल्या असत्या तर बरं. हसल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं.

भाचा : आजोबांनाच?

आत्या : बस म्हटलं तरी कुणी बसू नये, असा उतार दे म्हणाल्या. बाबांनी दिला. आई बाजूला चुना कालवत होती. पोटात मी.

भाचा : नाही म्हणायचं ना त्यांनी!

आत्या : काम जाईल म्हणाले. सकाळी तू काय म्हणालास मला?

भाचा : पुढच्या इमारतीचं काम साहेबांच्या हातात आहे, म्हणालो.

आत्या : शब्द बदललेत. चाल तीच.

भाचा : आले बघ साहेब.

साहेब : झालं का नाही अजून? उद्या संग्रहालय उघडायचंय. दाराशी ही पाटी लावायचीय.

आत्या : काय लिहिलंय?

साहेब : 'सेवकांची विसाव्याची खोली'. हात चालवा, मावशी.

आत्या : मावशी-बिवशी नाही, घोटाईवाली. विसाव्याची ना? मग बसून दाखवा.

साहेब : कुठे?

आत्या : कट्टा सोडून दुसरं काही आहे का इथे बसायला?

साहेब : मला वेळ नाही या... बरं. हे बघा, बसलो. आता कामाला... अहो, अरे! धर! धर!

भाचा : धरलंय, साहेब.

साहेब : म्हणून तर सपाट कर म्हणतोय! गवंड्याची चूक आहे ही.

आत्या : त्याच गवंड्यानं दिवाणखान्याचा कट्टा केलाय. पाणसळ लावा, केसाचा फरक सापडायचा नाही. हा उतार करून घेतलाय. बायकांनी बसू नये म्हणून.

साहेब : पुरावा काय?

आत्या : आत्ता घसरलात तो.

साहेब : हे बघा, उद्या वकिलांच्या नाती येणारेत. त्यांच्यासमोर हे असलं नको.

आत्या : येऊ देत. मीही लेक आहे कुणाची तरी.

साहेब : तू बोल रे. पुढचं काम हवंय ना? उचल छिन्नी.

भाचा : नाही.

साहेब : काय नाही?

भाचा : आमच्या घरानं या कट्ट्याला हुकमानं एकदा हात लावलाय. दुसऱ्यांदा नाही लावणार.

साहेब : तासाभरात दुसरा गवंडी उभा करतो.

भाचा : करा. हा कट्टा असा का, ते त्यालाही सांगतो. मग त्यानं छिन्नी उचलावी.

साहेब : अडवून धरणार तुम्ही?

आत्या : हो.

साहेब : बघतोच!

(साहेब जातात. पाटी भिंतीला उलटी टेकलेली.)

भाचा : गेलं काम.

आत्या : गेलं.

भाचा : मग आता तासभर इथे उभं राहायचं?

आत्या : उभं का? दिवाणखान्यातल्या दोन खुर्च्या आण.

भाचा : त्यांना दोरी बांधलीय, आत्या. कुणी बसू नये म्हणून.

आत्या : सोड.