माझ्या अंगठ्याचं नख आणि आमची ही

...आणि हे सगळं कशापायी, तर पायाच्या एका अंगठ्याच्या नखापायी! तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी तलावावर मुलांना पोहायला शिकवतोय, आणि आमचे मॅनेजर एक दिवस माझ्या पायाकडे बघून काय म्हणतात, "मास्तर, बुरशी आहे ही. नख स्वच्छ होईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही." आता पोहण्याचा मास्तर पाण्यात नाही उतरणार तर काय, काठावर बूट घालून आरडाओरडा करणार? तर हो, तेच केलं. पोरं विचारायची, "सर, तुम्हाला पोहता येतं ना?"

त्वचेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बोटांमधली कातडी महिन्यात बरी होईल, नखाला वर्ष लागेल. मागून नवं येऊन ते खराब नख पुढे ढकलत नेतं. नखाला घाई नसते." नखाला नसेल हो, मला होती ना!

पण आमची ही... शिवणकाम करते, एक टाका वाकडा गेला तर अख्खी शिवण उसवणारी बाई. रोज संध्याकाळी माझा पाय मांडीवर घ्यायची, कानशीनं नख घासायची, त्यावर औषध लावायची, मोजे उकळत्या पाण्यात, बूट उन्हात. आणि गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेच्या मापांखाली माझ्या नखाचं माप! वहीत, तारखेसकट! महिन्यानं म्हणाली, "आता तुमचं तुम्ही लावा, मला शिवणाची घाई आहे."

इथे मी माती खाल्ली. खाज थांबली होती, म्हटलं झालं की बरं, आणि औषध केलं बंद. हिला कळू नये म्हणून वर लेकीचं बिनरंगाचं नेलपॉलिश... काय चकाकायचं महाराजा!

तीन महिन्यांनी हिनं टेप लावली. "अहो, स्वच्छ नख दीड सूत तरी वाढायला हवं होतं. हे जागचं हललेलं नाही. काय लावताय?" अंगठ्याचा वास घेतला. भांडली असती तर परवडलं असतं, पण हिनं फक्त जुनी मापं खोडली आणि नवी तारीख घातली. नखाला घाई नसते, म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर तेरा महिने, पाहुणे असोत, ताप असो, एक दिवस चुकवला नाही हो तिनं. माझ्या आईनंसुद्धा माझ्या पायाकडे इतकं बघितलं नसेल. परवा डॉक्टरबाई नख बघतात, वही बघतात, आणि हिलाच हात जोडतात. मी धावत तलावावर, नख स्वच्छ झाल्याची डॉक्टरबाईंची चिठ्ठी मॅनेजरांच्या टेबलावर. म्हटलं, उद्यापासून पाण्यात!

मॅनेजर म्हणाले, "नख झकास आहे, मास्तर. पण तुम्ही हात धरायला पाण्यात नव्हता ना, म्हणून यंदा पहिल्यांदाच सगळी पोरं पोहायला शिकली. तुम्ही काठावरच बरे."

घरी येऊन हिला सांगितलं. शिवता शिवता म्हणाली, "बरंच झालं की. पाय कोरडे राहतील."